एडनचा मंत्री नक्की कोण होता?

सरखेल

मंडळी, वासुदेव बळवंत फडक्यांमुळे एडन हे अरबस्तानच्या दक्षिण टोकाच्या बंदराचं नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. फडके गेले १८८३ ला. त्यानंतर एडनचं काय झालं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी वाचत नाही. सध्या मी तिथल्या शेवटच्या चार वर्षांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एका गोष्टीवर अडकलोय.

१० डिसेंबर १९६३ ला एडनच्या विमानतळावर ब्रिटिश हायकमिशनर केनेडी ट्रेव्हास्किसवर हातबाँब पडला. तो वाचला. त्याच्या आड आलेला सहकारी जॉर्ज हेंडरसन जखमी झाला आणि पुढे दगावला. आणीबाणी लागली. ३० नोव्हेंबर १९६७ ला इंग्रजांनी एडन सोडलं. म्हणजे पुरी चार वर्षंही नाहीत. या काळात लंडनमध्ये एडनची जबाबदारी कुणाकडे होती?

सुरुवातीला डंकन सँडिस. त्याच्याकडे राष्ट्रकुल खातंही होतं, म्हणजे अर्धाच मंत्री म्हणा. ऑक्टोबर १९६४ ला मजूर पक्ष आला आणि अँथनी ग्रीनवुड बसला. डिसेंबर १९६५ ला तो गेला, लॉर्ड लाँगफर्ड आला. एप्रिल १९६६ ला लाँगफर्ड गेला, फ्रेडरिक ली आला. त्याच वर्षी वसाहत खातं राष्ट्रकुल खात्यात विलीन झालं आणि एडनचं गाठोडं परराष्ट्र खात्याच्या दारात. शेवटच्या वर्षी निर्णय घेत होता जॉर्ज ब्राउन.

पाच माणसं, आणि तिकडे रस्त्यावर रोज गोळीबार. माझं मत सरळ आहे: एडनचा असा विचका झाला त्याचं मोठं कारण हेच, की निस्तरायची जबाबदारी कुणाच्याच अंगावर पुरेसा वेळ राहिली नाही. तुम्हाला काय वाटतं? दुसऱ्या वसाहतींतले असे दाखले असतील तर तेही द्या.

तिरकस_टिंब

पहिला! वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लेखणीबहाद्दर

चांगला विषय. पण "पाच मंत्री म्हणून विचका" हे घाईचं वाटतं. ॲलन लेनॉक्स-बॉइड १९५४ ते १९५९ सलग पाच वर्षं वसाहतमंत्री होता. त्या पाच वर्षांत सायप्रस पेटलं, केनियात माऊ माऊ बंडखोरांविरुद्धची मोहीम चालली आणि मार्च १९५९ मध्ये होला छावणीत पहारेकऱ्यांनी ११ कैदी बडवून मारले. खुर्ची अगदी स्थिर होती, त्याने काय साधलं? एडनपुरतं बोलायचं तर त्याच्याच खात्याचा उपमंत्री लॉर्ड लॉइड १९५६ ला एडनमध्ये जाऊन सांगून आला की नजीकच्या काळात इथला ताबा ढिला करायचा आमचा विचार नाही. तिथल्या कामगार संघटना आणि तरुण मंडळी भडकली ती तिथपासून. १९६४ ला ग्रीनवुडच्या हातात आलं तेव्हा पाणी डोक्यावरून गेलं होतं.

शेवंता_माने

एडन मुंबई इलाख्यात होतं हे कितीजणांना माहीत आहे? १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने ते घेतलं आणि तेव्हापासून १९३२ पर्यंत कारभार मुंबईकडून. मग पाच वर्षं थेट दिल्लीकडे. १ एप्रिल १९३७ पासून लंडनच्या वसाहत खात्याकडे. तोवर तिकिटं हिंदुस्थानची चालायची, आणि रुपया तर १९५१ पर्यंत चालू होता. फडक्यांना तिकडे पाठवलं ते परदेशी नव्हे, आपल्याच इलाख्यातल्या दूरच्या तुरुंगात. दार बिजागऱ्यांसकट उखडून ते निसटले होते. पकडले गेले, मग अन्नत्याग, आणि चार दिवसांत गेले.

सांगायचं हे, की सरखेल साठच्या दशकातले पाच मंत्री मोजतात, पण एडनचे मालक त्याच्या कितीतरी आधीपासून बदलत होते.

सरखेल

@शेवंता_माने, ताई, हा मुद्दा मस्त. त्यात भर: १९१७ ला एडनच्या आसपासच्या संरक्षित मुलखाचं राजकारण हिंदुस्थान सरकारकडून काढून परराष्ट्र खात्याकडे दिलं, पुढे काही वर्षांनी वसाहत खात्याकडे. पण गावातला कारभार मुंबईकडेच. म्हणजे वेशीच्या आत एक साहेब आणि वेशीबाहेरच्या सुलतानांशी बोलणारा दुसरा.

तिरकस_टिंब

आमच्या गावचा पूल असाच आहे. अर्धा बांधकाम खात्याचा, अर्धा जिल्हा परिषदेचा. मधला खड्डा ईश्वराचा.

खलाशाचा_नातू

माझे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. एडनबद्दल त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं राजकारणाच्या बाहेरचं. स्टीमर पॉइंटला बोट लागली की खाली उतरायचं, बिनजकातीची दुकानं बघायची. घड्याळं, ट्रान्झिस्टर, जपानी कापड. दुकानदार बरेचसे गुजराती, पारशी, त्यामुळे हिंदीत भाव करायचा. आगीसारखं ऊन आणि झाड दिसायचं नाही. पन्नासच्या दशकात तिथे बोटींची इतकी वर्दळ असायची की जगातल्या पहिल्या काही बंदरांत त्याची गणती व्हायची. ब्रिटिश पेट्रोलियमची रिफायनरीही लिटल एडनला १९५४ मध्ये झाली.

शेवटच्या काळात, आजोबा सांगायचे, कॅप्टन बोटीवरून उतरायलाच परवानगी देत नसे. लांबून क्रेटरचा, म्हणजे एडनच्या जुन्या शहराचा, डोंगर बघायचा आणि पुढे जायचं. मंत्री कोण होता हे त्यांना कधीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी एडन म्हणजे दुकान, आणि दुकान बंद झालं.

अवर_सचिव_निवृत्त

राज्य शासनात नोकरी करून निवृत्त झालो. खात्याचं नाव सांगत नाही, पण मंत्री बदलला की काय होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

नवे साहेब आले की पहिले काही दिवस पुष्पगुच्छ. मग सादरीकरण. कक्षात आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून "खात्याची ओळख" तयार करायचो. मागच्या साहेबांसाठी केलेलीच, फक्त वरचं नाव बदलून. त्यानंतर जुन्या साहेबांनी मान्य केलेल्या नस्त्या पुन्हा वर जायच्या. एक नस्ती आठवते. पताका 'अ' वर मंत्रिमंडळाचा निर्णय, पताका 'ब' वर वित्त विभागाची सहमती, सगळं जागच्या जागी. नव्या साहेबांचा शेरा पेन्सिलीने: "चर्चा करावी". चर्चेची वेळ मिळेपर्यंत साहेब बदलले. पुढच्या साहेबांनी खालच्या बाजूला दुसरी पेन्सिल चालवली: "वरीलप्रमाणे".

त्यामुळे सरखेल यांच्या मताला माझं अनुमोदन आहे, पण एक दुरुस्ती. मंत्री बदलल्याने धोरण बदलतं असं सहसा होत नाही. धोरण पडून राहतं. पडून राहिलेल्या धोरणावर खालची माणसं आपापल्या परीने कामं उरकतात. एडनमधल्या अधिकाऱ्यांनी काय केलं असेल याचा मला अंदाज येतो.

तिरकस_टिंब

"वरीलप्रमाणे" 😂😂 हहपुवा. काका, दंडवत.

मीमांसक

काकांचा अनुभव छान, पण एडनला तो लागू पडत नाही. तिथे धोरण पडून राहिलं नाही. दर वेळी गर्रकन फिरलं. तारखा बघा.

सप्टेंबर १९६२: एडनच्या विधान परिषदेत एडनला भोवतालच्या सुलतानांच्या संघराज्यात घालायचा ठराव मंजूर. दोनच दिवसांनी उत्तरेला येमेनमध्ये इमामाची गादी उलथली आणि इजिप्तच्या नासरचं सैन्य तिथे उतरलं. तरी जानेवारी १९६३ मध्ये एडन संघराज्यात घातलंच. बंदरातला शिकलेला कामगार आणि डोंगरातला सुलतान एका जोखडाला.

जुलै १९६४: सँडिसने लंडनच्या परिषदेत वचन दिलं की १९६८ पर्यंत स्वातंत्र्य देऊ, तळ मात्र आमचा राहील आणि संरक्षणाचा करार करू.

ऑक्टोबरनंतर ग्रीनवुड आला. त्याला सुलतानांचा हा गोतावळा पसंत नव्हता. त्याने सुलतानांचा मित्र ट्रेव्हास्किसला घरी पाठवलं आणि टांगानिकाला स्वातंत्र्यापर्यंत नेणाऱ्या रिचर्ड टर्नबुलला आणलं. शहरी पुढाऱ्यांशी जुळवून घ्यायचं असा बेत. ऑगस्ट १९६५ ची लंडनमधली बैठक फिसकटली. १ सप्टेंबरला एडनच्या विधान परिषदेचा सभापती सर आर्थर चार्ल्स याला गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात मुख्यमंत्री मक्कावीला काढून राज्यघटनाच स्थगित केली. म्हणजे ज्यांच्याशी जुळवून घ्यायचं त्यांनाच बाहेर ढकललं, आणि ते थेट सशस्त्र गटांकडे गेले.

फेब्रुवारी १९६६: लाँगफर्डच्या काळात संरक्षण श्वेतपत्रिका निघाली. तळ ठेवायचा नाही, करारही नाही. सँडिसने ज्या सुलतानांना पुढे केलं ते उघड्यावर.

यात पडून राहिलं काय?

लेखणीबहाद्दर

मीमांसक, तुमच्या यादीतलाच एक तपशील उचलतो. फेब्रुवारी १९६६ ची ती बातमी सांगायला एडनला कोण गेलं? लाँगफर्ड गेला नाही. उपमंत्री लॉर्ड बेझविक गेला. "तुम्हाला दिलेला शब्द आम्ही पाळणार नाही" हे सांगायचं काम, आणि त्यासाठी दुय्यम माणूस. समोर बसलेल्या संघराज्याच्या मंत्र्यांनी विचारलं, कराराचं काय? त्यांनी इंग्रजांच्या भरवशावर नासरशी वैर घेतलं होतं. कैरो रेडिओ रोज त्यांना गद्दार म्हणत होता.

लाँगफर्ड त्या खुर्चीत एप्रिलपर्यंत होता. पुढे तो ब्रिटनमध्ये गाजला ते अश्लील साहित्याविरुद्धच्या मोहिमेने आणि कैद्यांना भेटत राहिल्याने. एडन त्याच्या आयुष्यात आलं आणि गेलं.

गडकरी_पेडणे

देव बरें करूं. आमच्याकडचा दाखला उलटा आहे, तो टाकतो.

पोर्तुगालात सालाझार १९३२ पासून पंतप्रधान. मंत्री बदलले तरी सूत्रं त्याच्याच हाती. १९५१ ला तर त्याने वसाहती हा प्रकारच कागदावरून पुसला. गोवा हा पोर्तुगालचाच दूरचा प्रांत, खात्याचं नाव वसाहतींऐवजी सागरपार. तेवढ्याने आमच्या आज्याला कुणी लिस्बनचा नागरिक समजून खुर्ची दिली असं झालं नाही. डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य आलं तेव्हा त्या माणसाने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाला शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम पाठवला. सिल्वाने १९ तारखेला शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचले. बक्षीस काय, तर त्याला पुढे सैन्यातून काढलं.

जबाबदारी एकाच माणसावर इतकी वर्षं राहिली की काय होतं, ते आम्ही पाहिलंय. त्याला चूक दाखवणारा कुणी उरतच नाही. इंग्रजांचे पाच मंत्री मला तरी बरे वाटतात. निदान ते निघून गेले.

तिरकस_टिंब

गडकरीबाब, धागा एडनचा आहे, गोवामुक्तीवर नेलात तर दोनशे प्रतिसाद पक्के. ह. घ्या.

शेवंता_माने

गडकरीबाबांचा मुद्दा अवांतर नाहीये. उलट सरखेल यांच्या मताची खरी परीक्षा तोच घेतो.

जुनी_पेठ

पॅलेस्टाइनचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तेही याच वसाहत खात्याकडे होतं. एडनची पाच नावं तिथे लहान वाटतील. चर्चिल, डेव्हनशायर, थॉमस, अमेरी, पासफिल्ड, पुन्हा थॉमस, कनलिफ-लिस्टर, माल्कम मॅकडोनाल्ड, तिसऱ्यांदा थॉमस, ऑर्म्सबी-गोर, पुन्हा मॅकडोनाल्ड… आणि ही यादी फक्त १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंतची.

ऑक्टोबर १९३० मध्ये पासफिल्डने श्वेतपत्रिका काढली: ज्यूंचं स्थलांतर आणि जमीनखरेदी यांना आवर घालायचा. लंडनमध्ये आरडाओरडा झाला. फेब्रुवारी १९३१ मध्ये पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्डने ज्यूंचे पुढारी वाइझमन यांना पत्र लिहून त्यातली हवाच काढून घेतली. पुढे १९३७ मध्ये पील आयोगाने फाळणी सुचवली, ऑर्म्सबी-गोर तिच्या बाजूचा. पुढच्या वर्षी खुर्चीवर रॅम्सेचा मुलगा माल्कम, आणि फाळणी बासनात. १९३९ ला त्यानेच नवी श्वेतपत्रिका काढली, स्थलांतरावर मर्यादा घालणारी. जे बापाने पत्र लिहून पुसलं होतं ते लेकाने पुन्हा मांडलं.

आणि यातला सर्वात कहर: एप्रिल १९३६ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या अरबांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, त्यातून पुढे तीन वर्षांचं बंड. लंडनमध्ये वसाहतमंत्री थॉमसने मे महिन्यात राजीनामा दिला. संपामुळे? छे. अर्थसंकल्पातली गुपितं फोडल्याच्या प्रकरणात.

मीमांसक

जुनी_पेठ, हा थॉमसचा किस्सा सोन्यासारखा. वसाहतीतल्या माणसाच्या नशिबात कोण येणार हे लंडनच्या कुठल्यातरी भलत्याच लफड्यावर ठरायचं. एडनमध्येही तेच. ग्रीनवुड गेला, लाँगफर्ड गेला ते एडनमुळे नव्हे. पंतप्रधान विल्सनला मंत्रिमंडळ जुळवायचं होतं म्हणून.

रणरागिणी_फौजी

माफ करा, पण तुम्ही सगळे लंडनमध्येच बसलाय. २० जून १९६७ ला एडनमध्ये काय झालं? स्थानिक सैन्य आणि पोलिसांत बंड झालं, त्या एका दिवसात वीसेक ब्रिटिश सैनिक मेले आणि क्रेटर हातचं गेलं. पंधरवड्याने कर्नल कॉलिन मिचेल बॅगपाइप वाजवत आपल्या स्कॉटिश हायलँडर्सना घेऊन आत शिरला. लढाईची खरी गोष्ट ती आहे!

सरखेल

@रणरागिणी_फौजी, ती गोष्ट सगळीकडे सापडते, म्हणूनच इथे टाळली. पण तारीख चांगली काढलीत. त्याच्या आदल्याच दिवशी, १९ जूनला, जॉर्ज ब्राउनने संसदेत सांगितलं की एडन ९ जानेवारी १९६८ ला स्वतंत्र होईल आणि त्यानंतरही काही महिने ब्रिटिश आरमार मदतीला जवळपास राहील. इकडे घोषणा, तिकडे दुसऱ्याच दिवशी गाव हातातून निसटलं. तारीख पाळली गेली नाही ती नाहीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सांगितलं, याच महिन्यात जातो, आणि ३० ला गेलेच.

आकडेमोड

शांतपणे वाचत होतो. आता एक विचारतो: कोण बदललं याची एवढी यादी झाली, कोण बदललं नाही याची केली का कुणी?

संरक्षणमंत्री डेनिस हीली. ऑक्टोबर १९६४ ते १९७०, सलग. अर्थमंत्री कॅलहॅन, १९६४ ते नोव्हेंबर १९६७. पंतप्रधान विल्सन, तोच. एडनबद्दलचा सर्वात मोठा निर्णय म्हणजे तळ सोडणे. तो आला कुठून? संरक्षण श्वेतपत्रिकेतून, संरक्षणखर्चाला कात्री लावायची म्हणून. पौंडाची अवस्था वाईट होती. तळ हा एकमेव धागा होता ज्याच्यामुळे ब्रिटनला तिथे स्वारस्य होतं. तो कापायचं ठरल्यावर वसाहतमंत्र्याच्या खुर्चीत लाँगफर्ड असो, ली असो वा आपले तिरकस_टिंब असोत, फरक शून्य.

ज्या खुर्चीला अर्थ उरला नव्हता तिच्यावर माणसं पटापट बदलली. ज्या खुर्च्यांना अर्थ होता तिथली माणसं जागची हलली नाहीत. सरखेल, तुम्ही परिणामाला कारण समजताय असं मला वाटतं.

लेखणीबहाद्दर

+१. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

तिरकस_टिंब

मी वसाहतमंत्री झालो असतो तर दुपारी झोप मिळाली असती का, एवढंच सांगा.

अवर_सचिव_निवृत्त

आकडेमोड, तुम्ही शासनात होता का हो? वित्त विभागाचा सचिव वर्षानुवर्षं तोच राहायचा आणि आमचे साहेब पावसाळ्यागणिक बदलायचे. कामाचं काय होणार हे आम्ही आमच्या साहेबांकडे बघून कधीच ओळखलं नाही.

शेवंता_माने

आकडेमोड यांचं अर्ध पटलं. उरलेलं अर्ध सांगते.

मुंबईकडे होतं तेव्हा एडन म्हणजे कोळशाची वखार आणि पहाऱ्याची चौकी. मुंबईचे लेखापाल पैन् पैचा हिशोब मागायचे. ज्या हेन्सने ते जिंकलं त्याच हेन्सला तिजोरीत तूट निघाली म्हणून १८५४ मध्ये मुंबईला बोलावलं. अफरातफर सिद्ध झाली नाही, पण पैसे भरा म्हणून सहा वर्षं तुरुंगात ठेवलं. १८६० ला सुटला आणि काही दिवसांतच मुंबई बंदरातच बोटीवर मेला. वसाहत खात्याकडे गेलं तेव्हा एडन म्हणजे राजवटीची जागा, शाळा, परिषद, घटना. सुएझ हातचं गेल्यावर संरक्षण खात्याच्या लेखी एडन म्हणजे तळ. परराष्ट्र खात्याकडे आलं तेव्हा एडन म्हणजे नासर आणि सौदी यांच्याशी चाललेल्या बोलण्यातलं एक कलम.

व्यक्ती बदलण्याने जेवढं झालं नाही तेवढं खातं बदलण्याने झालं, असं माझं म्हणणं. दर खात्याचा एडनमधला मित्र वेगळा होता. वसाहत खात्यातल्या जुन्या लोकांचे मित्र सुलतान. परराष्ट्र खात्याला कुणीही चालत होतं, ज्याच्या हातात किल्ल्या देऊन निघता येईल असा. १९६७ मध्ये टर्नबुललाही काढलं आणि सर हम्फ्री ट्रेव्हेलियनला पाठवलं. हा माणूस मूळचा आपल्याकडचा सनदी अधिकारी, पुढे इजिप्त, इराक, रशिया इथे राजदूत. वसाहती चालवणारा नव्हे, बोलणी करणारा. सप्टेंबरात त्याने जाहीर करून टाकलं की संघराज्याचं सरकार आता उरलेलं नाही. सुलतानांची संस्थानं तोवर एकेक करून राष्ट्रीय मुक्ती आघाडीने घेतली होती. शेवटी जिनिव्हात तिच्याच कहतान अल-शाबीशी बोलणी झाली. ही तीच आघाडी, जिच्यावर थोड्याच काळापूर्वीपर्यंत बंदी होती.

खलाशाचा_नातू

आणि जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला. बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. नव्या सरकारच्या हातात बंदर आलं ते रिकामं. कुठल्याही मंत्र्याचा यात हात नव्हता, पण एडनकरांना सर्वात जास्त झळ त्याचीच बसली असेल.

पारशी_कॉलनी

अवांतर: एडनच्या पारशांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. कावसजी दिनशा यांच्या पेढीचं तिथे मोठं प्रस्थ. त्यांनी तिथे अग्यारी बांधली होती. इंग्रज गेले, आपली माणसंही हळूहळू निघाली, नव्या राजवटीत अग्यारीची पंचाईत झाली. खूप खटपटी करून १९७६ मध्ये तिथला पवित्र अग्नी एअर इंडियाच्या विमानाने आणला. आज तो लोणावळ्याला आहे. एक्स्प्रेस वेवरून चिक्की घ्यायला लोणावळ्यात शिरणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

गडकरी_पेडणे

हें म्हाका खबर नासलें. मस्त माहिती.

तिरकस_टिंब

अग्नी सुखरूप आला याचं कारण उघड आहे. त्याची जबाबदारी ब्रिटिश मंत्र्याकडे नव्हती.

सरखेल

बऱ्याच दिवसांनी असा धागा झाला. मूळ प्रश्नाकडे येतो.

आकडेमोड म्हणतात ती हीली-कॅलहॅनची गोष्ट मान्य, पैसा तिथेच अडला. तळ कुणीही असता तरी गेला असता. पण माझा प्रश्न तळ का गेला हा नव्हताच. विचका का झाला, हा होता. तळ सोडायचा तर आधी तिथे कुणाच्या तरी हाती कारभार नीट द्यावा लागतो, सुलतानांना वेळेत सांगावं लागतं, मक्कावीसारख्याला बाहेर ढकलायच्या आधी दहादा विचार करावा लागतो. हे काम अर्थमंत्र्याचं नव्हतं, वसाहतमंत्र्याचं होतं. आणि सँडिसच्या तोंडचं वचन मोडताना ग्रीनवुडला किंवा लाँगफर्डला लाज वाटायचं कारणच नव्हतं. त्यांनी कुठे दिलं होतं? सँडिसच खुर्चीत असता तर फेब्रुवारी १९६६ ला त्याच माणसांसमोर बसून तोच शब्द फिरवणं त्याला जड गेलं असतं. कदाचित त्याने बदल्यात काही तरी काढून दिलं असतं, पैसे म्हणा, शस्त्रं म्हणा, मुदत म्हणा.

गडकरीबाबांच्या सालाझारवर माझ्याकडे उत्तर नाही, ते कबूल.

आकडेमोड

सँडिसला जड गेलं असतं? १९५७ ला हाच सँडिस संरक्षणमंत्री होता आणि सक्तीची लष्करभरती बंद करणारी, सैन्य जवळजवळ निम्म्यावर आणायला निघालेली श्वेतपत्रिका त्याचीच. कात्री चालवताना त्याचा हात थरथरला असं कुठे दिसत नाही. तळाची गरज संपली असती तर त्यानेही तेच केलं असतं, फक्त बेझविकला न पाठवता स्वतः विमानात बसला असता.

सरखेल

स्वतः विमानात बसला असता, एवढंच तर माझं म्हणणं आहे.

मीमांसक

आणि ग्रीनवुडचे चौदा महिने? त्याला वेळ होता, अधिकार होता, नवा हायकमिशनर त्याच्या पसंतीचा होता. तरी सप्टेंबर १९६५ ला घटना स्थगित करायची वेळ आली. सरखेल, तुमच्या पाचांपैकी या एकाचा हिशोब अजून लागलेला नाही. मक्कावीचं सरकार मार्चमध्ये आलं तिथपासून सप्टेंबरपर्यंतचं नीट तपासायला हवं. मी रविवारी बसून लिहितो, तोवर धाग्याला कुलूप लावू नका.

तिरकस_टिंब

चर्चा करावी.

अवर_सचिव_निवृत्त

वरीलप्रमाणे.